तीन नंबरचं मशीन

वैशालीचा मला मत्सर वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं, आणि ते गाळायचं असेल तर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. ती माझी मामेबहीण, चामटोलीची. माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, त्यामुळे मला ताई म्हणायची. पण अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं मोठी तीच आहे. मामी गेल्यावर वर्षभराने मामाने तिला आमच्याकडे आणून सोडलं. चामटोलीत कॉम्प्युटरचा क्लास नव्हता, आणि बदलापूरच्या क्लासला तिला एकटीला पाठवायला मामा तयार नव्हता. "दिवाळीपर्यंत ठेव," तो आईला म्हणाला. "तोवर नोकरी लागली तर राहील तुमच्याकडे. नाही लागली तर येऊन घेऊन जातो. घरात तीन लहान पोरं आहेत, त्यांना भाकरी कोण थापून घालणार?" वैशाली शेजारीच उभी होती. तिने नुसती मान हलवली आणि पिशवीतून सुक्या वालांचं गाठोडं काढून आईच्या हातात दिलं. आईने ते हुंगून पाहिलं आणि म्हणाली, "बघ, पोरगी कशी शहाणी आहे." मी त्या वेळी कोपऱ्यात नखं कापत बसले होते. पोरगी शहाणी आहे हे वालांवरून कसं ठरलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आम्ही कॅम्प चारमध्ये, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिलेल्या जुन्या लष्करी बॅरेकच्या दोन खोल्यांत राहायचो. दोन्ही बाजूंना जीन्स शिवायचे कारखाने. सकाळी नवाला शिलाई मशीनं सुरू झाली की भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाच्या बरगड्या थरथरायच्या. आवाज थांबायचा तो फक्त लोडशेडिंगला. लाइट गेली की एकदम सगळं ऐकू यायचं: समोरच्या सिंधी आंटीच्या कढईत फुलणारा पापड, नळाखाली भरत आलेली बादली, कारागिरांच्या शिव्या. आई घरबसल्या जीन्सचे सुटे धागे कापायचं काम करायची. पन्नास-पन्नास पँटींचे गठ्ठे यायचे, ते आम्ही छोट्या कटरने साफ करून द्यायचो. निळी भुकटी सगळीकडे असायची. उशीवर, तांदळाच्या डब्याच्या झाकणावर, नाकात. हल्ली मी अंबरनाथला सहाव्या मजल्यावर राहते. तिथे एवढी शांतता आहे की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होतं, आणि पांढरी चादर आठवडाभर पांढरी राहते. याची मजा वाटायला मला बरीच वर्षं लागली.

वैशाली आली आणि दुसऱ्याच दिवशी कटर घेऊन बसली. माझ्या तीन पँटी होईपर्यंत तिच्या पाच झालेल्या असायच्या, आणि तिच्या कापडाला कधी कातर लागली नाही. आई शेजारणीला बोलावून दाखवायची, "हिचे हात बघ." माझे हात कोणी बघितले नाहीत. भाकरीचंही तेच. माझी भाकरी फुगायची, पण एका बाजूने. तिची अशी टम्म फुगायची की आप्पा, म्हणजे माझे वडील, ताटावर बसल्या बसल्या वाट बघायचे. सुकटीच्या चटणीला तिने कांदा जास्त घातला तर आप्पा म्हणायचे, "आज काहीतरी वेगळं लागतंय, छान." मी घातला तर म्हणायचे, "कांदा जास्त झालाय." तीही त्यांना आप्पाच म्हणायची. म्हणणार दुसरं काय? पण मला वाटायचं, निदान हाक तरी माझ्यापुरती राहू द्यायची होती.

आप्पा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते. घरी आल्यावर हातपाय धुऊन ते आम्हा दोघींना विचारायचे, "बोला, आज काय शिकलात?" एकदा त्यांनी विचारलं, डेटाबेस सर्व्हर म्हणजे काय. मी वहीत लिहिलेली व्याख्या म्हणून दाखवली. आप्पांनी जांभई दिली. मग वैशाली म्हणाली, "आप्पा, तुमच्या कंपनीत स्टोअरकीपर असतो ना, खिडकीच्या आत बसलेला? तुम्ही बाहेरून चिठ्ठी देता, तो आतून सामान काढून देतो. सर्व्हर म्हणजे तो. आम्ही काळ्या स्क्रीनवर लिहितो ती चिठ्ठी."

"आणि खिडकी बंद असली तर?"

"तर एरर."

"आमचा पाटील तर खिडकी उघडी ठेवूनसुद्धा एरर देतो," आप्पा म्हणाले आणि दोघं हसत सुटले. मी आत जाऊन कुकरची शिटी नीट बसली आहे का ते बघत उभी राहिले. ती नीटच बसलेली होती.

क्लास आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, बटणांच्या दुकानाच्या वर होता. हरेश सर म्हणून सिंधी गृहस्थ तो चालवायचे. जाड चष्मा, खिशात चार पेनं, आणि बोलणं निम्मं हिंदी निम्मं मराठी. सहा मशीनं होती. पहिले तीन महिने ते सगळे माउस काढून ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करायचे. "चूहा बाद में, पहले उंगली," म्हणायचे. म्हणजे आधी काळ्या स्क्रीनवर कमांड लिहून काम करायला शिकायचं. प्रत्येक मशीनवर त्याचा त्याचा डेटाबेस सर्व्हर होता. आपल्याच मशीनमधल्या सर्व्हरला कमांड लिहून जोडायचं, आपल्या नावाने एक डेटाबेस उघडायचा आणि त्यात टेबलं बनवायची. ऐकायला सोपं. पण दहातल्या चार वेळा सर्व्हर जोडलाच जायचा नाही. लाइट अचानक गेल्यामुळे सर्व्हर नीट बंद झालेला नसायचा, किंवा सुरूच झालेला नसायचा, किंवा कोणीतरी पासवर्ड बदलून घरी गेलेलं असायचं.

आणि इथे सरांचा तो नियम होता. दाराजवळच्या टेबलावर एक लांबलचक रजिस्टर असायचं. कुठलाही एरर सोडवला की सोडवणाऱ्याने त्यात लिहायचं: एरर काय आला, का आला, कसा घालवला आणि खाली आपलं नाव. लपवून ठेवायचं नाही. कोणी अडलं आणि विचारलं तर सांगायचं. "एक बार किसी का टाइम गया, दुबारा किसी का नहीं जाना चाहिए," सर म्हणायचे. नवीन मुलं आली की आधी ते रजिस्टर वाचायची. त्यामुळे त्यात नाव असणं म्हणजे मान. भाद्रपद संपेपर्यंत वैशालीची नावं नऊ होती, माझी चार. तिचं अक्षरही सुरेख होतं. एके ठिकाणी लिहिलं होतं, "कमांड पुन्हा पुन्हा लिहू नये. आधी सर्व्हर जागा आहे का बघावे." सर प्रत्येक नव्या बॅचला ते वाक्य वाचून दाखवायचे. माझी चार वाक्यं कोणीच वाचून दाखवली नाहीत, आणि खरं सांगायचं तर ती वाचून दाखवण्यासारखी नव्हतीही.

मग बदलापूरच्या एमआयडीसीतल्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीला स्टोअरच्या कामासाठी कॉम्प्युटर जाणणारी एक मुलगी हवी होती. एकच. सरांनी आम्हा दोघींची नावं दिली. कंपनीचे साहेब शनिवारी स्वतः क्लासवर येऊन परीक्षा घेणार होते. घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कोणालाही लागू दे, घरात लागली म्हणजे झालं." आप्पांनी आधी वैशालीकडे पाहिलं. त्यात वाईट काही नव्हतं. दिवाळीची मुदत तिच्या डोक्यावर होती, माझ्या नव्हती. तिला नोकरी लागली नाही तर ती चामटोलीला परत जाणार होती, पोरांच्या भाकऱ्या थापायला. हे मलाही माहीत होतं. माहीत असून मला एवढंच दिसलं, की आप्पांनी आधी तिच्याकडे पाहिलं.

त्या आठवड्यातली गोष्ट. रविवारी विहारातून वंदना आटपून येताना क्लासचं शटर अर्धं उघडं दिसलं म्हणून मी वर गेले. सरांच्या ओळखीचा एक टेक्निशियन तीन नंबरच्या मशीनवर काहीतरी चढवत होता. मला पाहून म्हणाला, "नया सर्व्हर डाला है, बाजू में. पुराना बंद किया. सर को बोल देना." आणि गेला. मी सरांना निरोप दिला, सर "अच्छा, अच्छा" म्हणाले, विसरून गेले. तीन नंबरच्या कीबोर्डची स्पेसची कळ अडकायची, त्यामुळे त्या मशीनवर कोणी आपणहून बसायचं नाही. मंगळवारी गर्दी होती म्हणून मी बसले. वैशाली त्या दिवशी धाकट्या भावाला ताप आला म्हणून चामटोलीला गेली होती.

मी कमांड लिहिली. उत्तर आलं: लोकल सर्व्हरशी जोडता येत नाही. बघितलं तर सर्व्हर सुरू होता. यादीत त्याच्यापुढे "चालू" असं स्पष्ट दिसत होतं. बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. जागा आहे, पण दार उघडत नाही. पासवर्डपर्यंत तर गोष्ट जातच नव्हती. मधेच लाइट गेली, इन्व्हर्टरवर दोनच मशीनं चालायची, मी तासभर वारा घेत बसले. लाइट आल्यावर मला सुचलं, की हा सर्व्हर नक्की कुठल्या नंबरच्या दारावर ऐकत बसलाय ते तरी बघू. प्रत्येक सर्व्हर एका ठरावीक नंबरच्या दारावर बसतो, त्याला पोर्ट म्हणतात. आपण नंबर लिहिला नाही तर कमांड नेहमीच्याच दारावर जाऊन ठोठावते. मशीनवर उघड्या असलेल्या सगळ्या दारांची यादी काढली. नेहमीचा नंबर त्यात नव्हताच. त्याच्यापेक्षा एकाने मोठा होता. टेक्निशियनने नवा सर्व्हर शेजारच्या दारात बसवला होता आणि जुनं दार बंद करून गेला होता. कमांडमध्ये तो नंबर घातला, आणि स्क्रीनवर स्वागताची ओळ आली. मी नेहमीच्या सवयीने माझ्या नावाचा डेटाबेस उघडला, त्यात दोन टेबलं बनवली, आणि उठून रजिस्टरकडे गेले.

पेन उघडलं होतं. डाव्या पानावर वैशालीचा नववा एरर होता, त्या सुरेख अक्षरात. मी लिहिलं असतं तर माझे पाच झाले असते. पाचच. आणि बुधवारी तिने ते वाचलं असतं, एका वाचनात पाठ केलं असतं, आणि आप्पांना खिडकी आणि स्टोअरकीपर घालून असं समजावून सांगितलं असतं, की ते तिचंच वाटलं असतं. मी पेनला टोपण लावलं. एक गोष्ट तरी फक्त माझ्याकडे असावी, एवढंच तेव्हा वाटलं. शनिवारचा विचार डोक्यात नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तो खोलवर कुठेतरी असणार.

शनिवारी साहेब वेळेवर आले. बारीक, घामेजलेले, हातात रुमाल. खालच्या टपरीवरून चहा मागवला तो त्यांनी बशीत ओतून प्यायला. काम असं होतं: आपल्या मशीनच्या सर्व्हरला जोडायचं, स्टोअरच्या वीस वस्तूंचं टेबल बनवायचं आणि संपत आलेल्या वस्तूंची यादी काढून दाखवायची. अर्धा तास. मशीन चिठ्ठीने ठरणार. साहेब म्हणाले, "अडलात तर एकमेकींना विचारा, हरकत नाही. कंपनीतसुद्धा विचारूनच काम होतं." मला पाच नंबर आला. वैशालीने चिठ्ठी उघडली आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "स्पेसवालं भूत आलं गं," म्हणाली. तीन नंबर.

मी भराभर सुरुवात केली. माझ्या पाठीमागे तिच्या कळांचा आवाज येत होता, मग थांबला, मग पुन्हा आला. तो कुठल्या क्रमाने चाललाय ते मला न बघता कळत होतं. सर्व्हर चालू आहे का बघितलं. चालू. बंद करून सुरू केला. पुन्हा कमांड. मधे एकदा अडकलेली कळ नखाने उचकटल्याचा टक असा आवाज. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग ती खुर्चीतून मागे वळली. घाबरलेली नव्हती. फक्त कपाळावर आठी होती, धाग्याचं टोक सापडत नसलं की पडायची तशी.

"ताई, तीन नंबरवर काही वेगळं केलंय का? तू मंगळवारी होतीस ना इथे?"

"नाही गं," मी म्हणाले. "आहे तसंच आहे."

एवढंच. "माहीत नाही" म्हणण्याची सोय होती. मी तीही घेतली नाही.

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. अठराव्या मिनिटाला माझी यादी तयार झाली. साहेबांनी ती पाहिली, दोन प्रश्न विचारले, मान डोलावली. अर्धा तास झाल्यावर ते वैशालीला म्हणाले, "होतं असं बेटा, मशीन आहे," आणि सरांच्या कागदावर माझं नाव लिहून, रुमालाने मान पुसत जिना उतरले. सर त्यांना सोडायला खाली गेले.

वैशाली उठली नाही. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, "चल, जाऊ दे आता" असं काहीतरी म्हणायला. तेवढ्यात तिने दारांची यादी काढली, बोट स्क्रीनवर खाली खाली नेलं, एका नंबरवर थांबवलं, आणि तो नंबर घालून कमांड लिहिली. स्वागताची ओळ आली. मग तिने, जसं आम्ही सगळेच जोडल्यावर पहिलं करायचो तसं, आत कोणकोणाचे डेटाबेस आहेत ते विचारलं. सर्व्हरच्या स्वतःच्या दोन-तीन नोंदी आल्या आणि शेवटी एकच नाव. सुजाता. रविवारी बसवलेल्या सर्व्हरवर माझ्याशिवाय कोणी आलेलं नव्हतं.

आम्ही दोघींनी ते वाचलं. जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या. वैशालीने खिडकी बंद केली, स्क्रीन रिकामी झाली, आणि ती सरांना म्हणाली, "सर, सापडलं. पोर्टचा नंबर बदललाय यावर."

"अरे वरी साईं!" सरांनी कपाळावर हात मारला. "बैरक सही, कमरा गलत! त्या गाढवाने नंबर बदलला आणि मला बोलला नाही. दोन मिनट पहले मिलता तो..." मग माझ्याकडे बघून ते थांबले, आणि म्हणाले, "चलो, घर में ही गई नौकरी. वैशाली, लिख दे." तिने लिहिलं. दहावा.

घरी जाताना गल्लीत जीन्सच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो अडकला होता. आम्ही एकामागून एक अंग चोरत त्याच्या बाजूने निघालो. पलीकडे आल्यावर ती म्हणाली, "किती वेळ लागला होता तुला?"

"कशाला?"

"नंबर सापडायला."

खोटं बोलून आता उपयोग नव्हता. "दुपारभर."

"मला बत्तीस मिनिटं," ती म्हणाली. मग थोडं पुढे गेल्यावर, "आणि त्यातली दहा तुझ्या 'नाही'वर विश्वास ठेवून गेली."

"आप्पांना सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू? नोकरी तुला लागलीय. तू सांग."

मी सांगितलं नाही. आप्पांनी सिंधी हलवायाकडून शेवबर्फी आणली आणि पहिला तुकडा वैशालीला दिला, का तर तिला वाईट वाटलं असेल म्हणून. मला त्याचाही राग आला. दिवाळीनंतर चार दिवसांनी मामा आला. ती पिशवी भरून तयारच होती. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली, आप्पांच्या पाया पडली, आणि मला म्हणाली, "ताई, कंपनीत काही अडलं तर विचार हं." लोकांना ते प्रेमाचं वाटलं.

मी ती नोकरी नऊ वर्षं केली, आणि चांगली केली. ती मी सोडावी असं मला कधी वाटलं नाही, उगाच तसं लिहिणार नाही. वैशालीने चामटोलीत दोन वर्षं घर सांभाळलं. मग बदलापूरच्या एका शाळेत कॉम्प्युटर आले, ते सुरू करायला कोणाला जमेना, कोणीतरी तिचं नाव सांगितलं, आणि ती तिथून पुढे गेली ती माझ्यापेक्षा बरीच पुढे. पण ती दोन वर्षं मी घेतलेली आहेत. आप्पांना मी हे त्यांच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि पाणी मागितलं. तिनेच त्यांना कळू दिलं होतं की त्यांचं त्यांना कळलं होतं, हे विचारायचं राहून गेलं.

एक गोष्ट मात्र मला इतकी वर्षं कुरतडत राहिली, आणि ती पश्चात्तापाची नाही. त्या दिवशी मी "हो, नंबर बदललाय" म्हटलं असतं तर तिला अठरा-वीस मिनिटं उरली असती. माझं काम अठरा मिनिटांत झालं होतं. तिचा हात धाग्यांवर चालायचा तसा कळांवर चालायचा नाही. ती प्रत्येक ओळ दोनदा तपासायची. म्हणजे कदाचित मी सरळच जिंकले असते. कदाचित नसते. तिला हरवल्याचं एकदा तरी खात्रीने म्हणता आलं असतं, ती संधी मीच एका शब्दात घालवली.

गेल्या महिन्यात बदलापूरला तिच्या घरी गेले होते, तेव्हा विचारलंच. गॅलरीत ती वाळलेले कपडे काढत होती.

"तेव्हा मी खरं सांगितलं असतं, तर नोकरी कोणाला लागली असती?"

तिने विचारसुद्धा केला नाही. "तुलाच. तू फास्ट होतीस."

"खरं सांगतेस?"

"ते तुला कसं कळणार?" ती म्हणाली, आणि घडी घालायला चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.